युसूफची स्वस्तातली दुर्बीण

युसूफ गेल्याची बातमी मला खोटी वाटली. फोन आला तेव्हा मी स्टुडिओत एका मुलीचा पासपोर्ट फोटो काढत होतो. नंबर अनोळखी. पलीकडून कोणीतरी घाईघाईत म्हणालं, "युसूफभाई गुजर गये, जोहर के बाद मिट्टी है," म्हणजे दुपारच्या नमाजानंतर दफन, आणि फोन ठेवून दिला. मी त्या मुलीला हनुवटी थोडी खाली घ्यायला सांगितली, फोटो काढला, तिला बाहेरच्या बाकावर बसवलं आणि सरळ युसूफच्याच नंबरवर फोन लावला. लोकांना हे विचित्र वाटेल, पण ही त्याचीच शिकवण. ज्याच्याबद्दल ऐकलं त्यालाच विचारायचं, मधल्या माणसाचं काही खरं धरायचं नाही, असं तो जन्मभर सांगत आला. फोन वाजत राहिला, वाजत राहिला... मला वाटत होतं, आता हा उचलेल आणि म्हणेल, "कोनं सांगतलं तुले? नाव सांग त्याचं." फोन त्याच्या मुलीने, रुख्सानाने उचलला. ती नुसतं "चाचा" म्हणाली आणि पुढे तिला बोलता येईना. तेव्हा कुठे मी दुकानाचं शटर खाली ओढलं.

युसूफ माझा शाळेपासूनचा मित्र. आर्णीत बसस्टँडच्या मागे त्याचं वेल्डिंगचं दुकान होतं, आणि गावाबाहेर नाल्यापलीकडे, जंगलाच्या कडेला, वडिलांकडून आलेलं वावर. वडिलांकडूनच त्याला एक जुनी रायफलही मिळाली होती, पीक राखायच्या परवान्यावरची, आणि तिच्याबरोबर ही संशयाची खोड. टरबूज घेताना विकणाऱ्याला पहिली फोड खायला लावणारा हा माणूस. लग्नात जेवायला बसायच्या आधी एक चप्पल मांडवाच्या दाराशी काढायचा आणि दुसरी पार पाण्याच्या टाकीजवळ, कारण एकच चप्पल कोणी चोरत नाही. डॉक्टरने गोळी लिहून दिली की दोन वेगवेगळ्या मेडिकलवाल्यांना जाऊन विचारायचा की ही कशाची. परवान्याच्या नूतनीकरणासाठी फोटो काढायला माझ्याकडे यायचा, तेव्हा छापलेला फोटो दाराशी नेऊन उजेडात धरायचा आणि म्हणायचा, "हा मी नाही बे, गौतम्या. काईतरी केलं तू याले." मी काहीच केलेलं नसायचं. त्याचे कान मुळातच तसे होते.

अशा माणसाशी मैत्री म्हणजे रोजची तपासणी. बाकी जगावर तो संशय घ्यायचा त्याची मला मजा वाटायची, पण त्याचा माझ्यावर तरी विश्वास आहे की नाही, हा प्रश्न मला एका संध्याकाळी पडला तो कायमचाच. मी त्याला तो कधी विचारला नाही. त्याने कधी आपणहून उत्तर दिलं नाही. उत्तर मिळालं ते तो गेल्यावर, एका पडद्याआडून, आणि म्हणूनच हे लिहायला बसलो आहे.

ती संध्याकाळ काही वर्षांपूर्वीची. असेच थंडीचे दिवस होते. तुरी डोक्यापर्यंत उभ्या आणि सोयाबीन निघालेल्या पट्ट्यात हरभरा घाट्याला आलेला. अंधार पडायच्या सुमारास रानडुकरं नाल्यातून वर येतात आणि एका खेपेत पट्टाच्या पट्टा नांगरून ठेवतात, म्हणून युसूफ दिवस कलला की वावरातल्या मचाणावर जाऊन बसायचा. परवाना, वनखात्याची परवानगी, सगळं रीतसर. त्यात तो फार काटेकोर. हंगामात एखादं डुक्कर पडायचं, की खात्याला कळवून हा मोकळा, हातसुद्धा लावायचा नाही. मी दुकान लवकर बंद करून गप्पा मारायला तिकडे जायचो. त्या दिवशी स्कूटर रस्त्यावर लावली आणि जवळ पडतं म्हणून नाल्यातून आडवाटेने वर चढलो. वाटेत हरभरा लागला. आता हिरवा हरभरा पाहून ज्याचा हात शिवशिवत नाही तो वऱ्हाडातला माणूसच नव्हे. मी उकिडवा बसलो आणि घाटे तोडून खायला लागलो. अंगात तपकिरी स्वेटर, डोक्याला त्याच रंगाचा मफलर. खात होतो, पुढे सरकत होतो, मध्येच खोकत होतो. तेवढ्यात तुरीतून सळसळ झाली आणि युसूफ धावत आला. पाय अनवाणी, हात रिकामे. त्याने माझी मूठ पकडून उघडली, घाटे काढून जमिनीवर आपटले आणि मला शिव्या द्यायला सुरुवात केली. आईबाप, आजे-पणजे, कोणाला सोडलं नाही. त्याचा चेहरा पांढराफटक पडला होता.

मी म्हटलं, "अबे, मूठभर घाट्यांसाठी?"

"व्हय, घाट्यांसाठीच," तो ओरडला. "इचारल्याशिवाय माह्या वावरात पाय ठेवू नको."

मी उठलो, स्वेटरची माती झटकली आणि आल्या वाटेने परत गेलो. पाठ वळल्यावरही तो काहीतरी बोलत होता, पण मी मागे पाहिलं नाही. घाटे कोणाच्याही वावरातले खावेत, त्याला चोरी म्हणत नाहीत, हा आमच्याकडचा अलिखित कायदा. आणि ज्याच्या डब्यातली भाकर मी शाळेत खाल्ली होती त्याने माझी मूठ उघडून पाहावी... मला राग आला होता, आणि त्याहून जास्त वाईट वाटलं होतं. घरी बायकोने विचारलं तर तिलाही सांगितलं नाही.

पुढे काही दिवस मी त्याच्या दुकानावरून जाताना मान वळवली नाही. मग एका सकाळी शटर उघडायला गेलो तर हँडलला घाट्यांनी गच्च भरलेली थैली लटकवलेली, आणि पायरीवर युसूफ बसलेला. माफी वगैरे काही नाही. उलट नवा कायदा घेऊन आला होता. "आता येशीन त नाल्यावरूनच आवाज द्याचा. 'मानूस हाय गा' असं म्हनाचं. मी 'कोन मानूस' म्हनीन. मंग नाव सांगाचं. अन् मी 'ये' म्हटल्याशिवाय पुढे पाय टाकाचा नाही."

"काहून? मी काय चोर हाओ?"

"सगळ्यायलेच सांगून राह्यलो," तो म्हणाला. आणि खरंच त्याने सगळ्यांनाच सांगितलं. शेजारच्या वावराचे मालक उत्तमराव, त्यांच्या वावरात निंदायला येणाऱ्या बाया, गुरांमागे फिरणारे, सगळ्यांना. लोक हसले. "युसूफने वावराले पासपोर्ट लावला," असं हॉटेलात एकजण म्हणाला. पण हा माणूस असा की उत्तर घेतल्याशिवाय सोडायचा नाही. त्यामुळे हळूहळू नाल्यावरून जाणारा प्रत्येकजण हाळी द्यायला लागला. मीही देत होतो. दर वेळी ते शब्द माझ्या घशात टोचायचे. चाळीस वर्षांच्या ओळखीच्या माणसाने वावराच्या तोंडाशी उभं राहून आपण माणूस असल्याचं ओरडून सांगायचं...

माझ्या खोकल्याबद्दलही त्याचं काहीतरी विचित्र चाललं होतं. डार्करूमच्या दिवसांपासून मला कोरडा खोकला आहे, थंडीत वाढतो. त्या हिवाळ्यात मी औषध सुरू केलं तर याने बाटली हातात घेतली, वास घेतला आणि टेबलावर ठेवून दिली. "कायले घेतं हे? चांगला त आहे तुहा खोकला." मी म्हटलं, खोकला कोणाचा चांगला असतो काय? मी ते त्याच्या डॉक्टरांवरच्या संशयात जमा केलं आणि विसरून गेलो.

आणि मग दुर्बिणीचं खूळ निघालं. रायफलवर बसवतात ती नळीसारखी दुर्बीण, जिला दुकानदार स्कोप म्हणतात. एके दिवशी युसूफ स्टुडिओत येऊन म्हणाला, "गौतम्या, तुले भिंगातलं समजते. मले एक दुर्बीण पाहून दे. पन स्वस्तातली. एका बोकडाच्या किमतीच्या वर नाही जाणार मी." मला भिंगातलं समजतं ते कॅमेऱ्यापुरतं. पण नाही कसं म्हणणार? शिवाय मला खरं म्हणजे उत्सुकता होती, आणि थोडी शंकाही. वडिलांनी त्याच रायफलने नुसत्या डोळ्याने जन्म काढला. यानेही इतकी वर्षं तेच केलं. आत्ताच दुर्बीण कशाला?

शंका मला एकट्यालाच आली नाही. त्याच साली त्याचा आणि उत्तमरावांचा धुऱ्यावरून, म्हणजे मधल्या बांधावरून, वाद सुरू होता. कोणाच्या नांगराने कोणाचा धुरा खाल्ला, यावरून दोघांचं बोलणं बंद. त्यात युसूफ दुर्बीण शोधतोय ही बातमी फुटली. चोरून शिकार करून मटण विकण्याचा संशय घ्यावा, तर रानडुकराला हा माणूस हातही लावत नाही. मग दुर्बीण कोणासाठी? हॉटेलात उत्तमरावांनी मला बाजूला घेतलं आणि कप खाली ठेवून हळूच म्हणाले, "तुह्या दोस्ताले सांगजो, गौतम, मी वावरात काठीबी घेऊन जात नाही." ते हसत होते, पण चहा तसाच ठेवून निघून गेले. मी त्यांना काय सांगणार? मलाच रात्री झोप लागत नव्हती. युसूफला राग आला की तो कसा पांढरा पडतो, ते मी पाहिलं होतं.

पहिली दुर्बीण त्याने मोबाईलवरून मागवली. खोक्यावर मोठमोठे आकडे, कितीतरी पट मोठं दिसेल असा दावा. दुपारी माझ्या गच्चीवरून आम्ही ती डोळ्याला लावली आणि थक्क झालो. पाण्याच्या टाकीवर बसलेल्या कावळ्याचं बुबुळ दिसलं. मी म्हटलं, झालं काम. युसूफ म्हणाला, "दुपारी त मलेबी दिसते." संध्याकाळी तो मला वावरात घेऊन गेला. जाताना म्हणाला, "तो तपकिरी स्वेटर घाल." मी म्हटलं, तो धुऊन वाळत टाकलाय. तो माझ्याबरोबर घरी आला, माझ्या बायकोकडून तो स्वेटर दोरीवरून काढवून घेतला, मफलरसुद्धा मागून घेतला, आणि मगच निघाला. वावरात पोचल्यावर मी आधी विचारलं, "रायफल कुठं हाये?" तो म्हणाला, "घरी. कुलपात." मी मचाणावर चढून खात्री करून घेतली. खरंच नव्हती. एवढा संशय मीही त्याच्याकडूनच शिकलो होतो.

मग त्याने मला पार पलीकडे, पळसाच्या झाडाजवळ पाठवलं आणि स्वतः मचाणावरून दुर्बीण डोळ्याला लावून बसला. "उभा राह," तो ओरडला. मी उभा राहिलो. "आता वाक." वाकलो. "आता खाली बस. त्या दिशी घाटे तोडत होता ना, तसा बस." माझ्या डोक्यात तिडीक गेली. म्हणजे हा अजून तेच धरून बसला होता! मूठभर घाटे याला अजून पचले नव्हते. तरी मी बसलो, कारण तिथून भांडायला फार लांब होतं. "हात हालव. खाल्ल्यासारखं कर... पुढे सरक..." असं अंधारून येईपर्यंत चाललं. शेवटी तो खाली उतरला आणि म्हणाला, "बेकार हाये. तू दिसलाच नाही." मी दुर्बीण डोळ्याला लावली, तर ते मात्र खरं होतं. फार मोठं करून दाखवणारी ही दुर्बीण संध्याकाळच्या उजेडात काळीठिक्कर पडत होती. मी त्याला कॅमेऱ्यातलं समजावून सांगितलं. पट कमी घेतली आणि पुढचं भिंग रुंद घेतलं तर अंधुकात जास्त दिसतं, आणि आजूबाजूचंही दिसतं. त्याने ते तीनदा विचारून घेतलं आणि मग यवतमाळच्या दुकानात फोन करून चौथ्यांदा विचारलं.

दुसरी दुर्बीण महागावात एका माणसाकडे होती, जुनी. परदेशी आहे, वाडवडिलांची आहे, असं तो सांगत होता. आम्ही मोटरसायकलवर गेलो. दिसायला देखणी, पितळी कड्यांची. मला ती घ्यावीशी वाटली. युसूफने मात्र ती घेऊन सरळ त्या माणसाच्या घराच्या आतल्या अंधाऱ्या खोलीत नेली, एका टोकाला मोबाईलचा टॉर्च लावला आणि मला म्हणाला, "पाह्य." भिंगाच्या आत कोळ्याच्या जाळ्यासारखी बुरशी पसरलेली. माझ्या स्टुडिओत पावसाळ्यात लेन्सला लागते तीच. त्या माणसाने आम्हाला चहा पाजून बाहेर काढलं. वाटेत मी म्हटलं, अरे, संशय घेऊन घेऊन एखादी तरी पसंत करशील की नाही? तो गाडी चालवत होता. मग वाऱ्यात ओरडून म्हणाला, "यात चूक नाही चालत, गौतम्या." गौतम्या म्हणून नेहमी हाक मारायचा, पण त्या दिवशी त्यात काहीतरी वेगळं होतं. मी ते उत्तमरावांच्या धुऱ्याशी जोडलं आणि पाठीमागे बसल्या बसल्या मला थंडी वाजली.

शेवटी आम्ही एसटीने यवतमाळला गेलो. बंदुकांच्या दुकानात मालक जरा बडबडा होता. त्याने दोन-तीन दुर्बिणी काढून काचेवर ठेवल्या. एअरगनवर चालणाऱ्या स्वस्त आणि मोठ्या रायफलचा दणका सोसणाऱ्या महाग, हा फरक त्याने समजावला. दणक्याने स्वस्तातल्या दुर्बिणीची फुली सरकते, म्हणजे आतल्या दोन रेघा जिथे एकमेकींना छेदतात तो निशाणाचा ठिपका सरकतो, आणि मग तुम्ही एकीकडे पाहता, गोळी दुसरीकडे जाते. युसूफ हे सगळं कान देऊन ऐकत होता. मग मालकाने एका रिकाम्या एअरगनवर दुर्बीण बसवून त्याच्या हातात दिली. "रोखा साहेब, रोखून पाहा, त्याशिवाय अंदाज येत नाही." युसूफने बंदूक खांद्याला लावली आणि दुकानाच्या दारातून समोर धरली. समोर चहाची टपरी होती. एक म्हातारा पाठ करून उभा राहून चहा पीत होता. युसूफ पाहत राहिला... मग एकदम त्याने बंदूक काचेवर ठेवली, इतक्या जोरात की मालक दचकला, आणि स्टुलावर बसला. कपाळावर घाम. थंडीचे दिवस होते, हे मी आधीच सांगितलं आहे. त्याने पाणी मागितलं. मी विचारलं, काय झालं? म्हणाला, "काई नाही. एसटी लागली असन."

आणि त्यानंतर त्याने जे केलं त्याने मी पुरता चक्रावलो. मालक महागातली पुढे सरकवत होता. युसूफने स्वस्तातली घेतली, कमी पटीची, रुंद भिंगाची, जी दणका सोसणार नाही असं मालकाने नुकतंच सांगितलं होतं ती. मालकाने ती रायफलवर बसवायचा कडीचा जोड काढला, तर युसूफ म्हणाला, नको. मालक हसला. "मग बसवणार कशावर?"

"डोळ्यावर," युसूफ म्हणाला.

परतीच्या एसटीत मी त्याला सोडलं नाही. नुसतं पाहायचं तर साधी दोन डोळ्यांची दुर्बीण घ्यायची, ती याहून स्वस्त पडते, हातातही नीट बसते. हे काय घेतलंस? तो खिडकीबाहेर पाहत म्हणाला, "फुली पाह्यजे मले." बस्स. जोडाचे पैसे वाचवले, एवढाच अर्थ मी काढला. दुर्बीण रायफलवर बसणार नाही म्हटल्यावर उत्तमरावांची काळजी मात्र मिटली. हॉटेलात त्यांनी माझ्या चहाचे पैसे दिले.

त्यानंतरच्या वर्षांत युसूफच्या वावरातल्या डुकरांची चैन झाली. तो मचाणावर बसायचा, रायफल मागच्या खुंटीला, रिकामी, आणि दुर्बीण हातात. नाल्याकडे पाहत राहायचा. डुकरं यायची, हा पत्र्याचा डबा बडवायचा, ती उत्तमरावांच्या वावरात शिरायची. उत्तमराव चिडायचे. मी एकदा म्हटलं, आता दिसतंय ना डुक्कर स्पष्ट? मग मार की. तर म्हणाला, "डुक्करच हाये हे कायच्यावरून?" मी हसलो. मला वाटलं, संशयाने आता याचं डोकं पार खाल्लं.

आमची शेवटची भेट माझ्या स्टुडिओतच झाली, दिवाळीनंतर. परवान्याचं काहीतरी काम होतं, पण या खेपेला नूतनीकरण नव्हतं. रायफल जमा करून टाकायची म्हणत होता. डोळे आता साथ देत नाहीत, म्हणाला. मी फोटो काढला, छापून दिला. त्याने तो दाराशी नेऊन उजेडात धरला. मी वाट पाहत होतो. "या खेपेला मीच दिसून राह्यलो," तो म्हणाला आणि फोटो खिशात ठेवला. मला तेव्हाच शंका यायला हवी होती. निघताना पायरीवरून वळून त्याने विचारलं, "खोकला कसा हाये?" मी म्हटलं, आहे तसाच आहे. "असू दे," म्हणाला आणि गेला. काही दिवसांनी झोपेतच गेला. डॉक्टर हृदय म्हणाले. जिवंत असता तर त्याने दुसऱ्या डॉक्टरला विचारलं असतं.

मागच्या आठवड्यात रुख्सानाचा निरोप आला, अम्मी बुलाती है. शमीमभाभी नवरा गेल्यानंतरच्या इद्दतीत आहेत, परक्या पुरुषासमोर येत नाहीत. मी बाहेरच्या खोलीत बसलो, मधल्या दाराला पडदा, आणि पडद्यामागून त्यांचा आवाज. रुख्सानाने एका जुन्या मफलरमध्ये गुंडाळलेली दुर्बीण आणून माझ्यासमोर ठेवली. रायफल ठाण्यात जमा झाली होती, ही राहिली होती. भाभी म्हणाल्या, "तुमच्यासाठीच घेतलती त्यायनं. तुमच्यापाशीच राहू द्या."

"माह्यासाठी?"

भाभी म्हणाल्या, "म्हंजे तुम्हाले त्यायनं सांगतलंच नाही..."

मग त्यांनी सांगितलं. त्या घाट्यांच्या संध्याकाळी युसूफ घरी आला तो जेवला नाही. अंगणात बसून राहिला. बायकोला म्हणाला, शमीम, आज मी गौतमले मारलं असतं. तुरीच्या कडेला काहीतरी तपकिरी, वाकलेलं, हरभरा खात पुढे सरकत होतं. त्याने रायफल रोखली. घोड्यावर बोट होतं. बोट अर्धं दाबलं होतं... "अन् तुम्ही खोकलले," भाभी म्हणाल्या. "डुक्कर खोकलत नाही म्हने. रायफल तिथंच टाकून पळत सुटले."

माझ्या हातात ती दुर्बीण होती. त्याचे रिकामे हात, त्याचे अनवाणी पाय, माझी उघडलेली मूठ, पळसाखाली मला वाकायला लावणं, सगळं एकामागून एक माझ्यासमोर येत होतं. भाभींनी यवतमाळचंही सांगितलं. बंदुकीवर दुर्बीण बसवली की मानूस हाये का डुक्कर, एवढं पाह्यासाठीबी मानसावर बंदूक रोखा लागते, असं तो घरी येऊन म्हणाला होता. म्हणून जोड घेतला नाही. आणि फुली? "फुली पाह्यली की हात थरथरते म्हने. थरथरलाच पाह्यजे म्हने. इसरलो त पुन्हा रायफल उचलीन." त्या दिवसानंतर त्याने एकही गोळी झाडली नाही. ज्याने जन्मभर साऱ्या गावावर संशय घेतला, त्याचा सगळ्यात मोठा संशय स्वतःच्या डोळ्यावर होता, स्वतःच्या बोटावर होता. माझ्यावर नव्हताच.

मला रडू आलं, आणि खरं सांगायचं तर रागही आला. मी म्हटलं, "भाभी, मले काहून नाही सांगतलं? इतकी वर्षं मी समजून राह्यलो की हा मले चोर समजते."

पडद्याआडून भाभी म्हणाल्या, "सांगतलं असतं त तुम्ही पुन्हा वावरात आले असते काय, भाऊ?"

आलो असतो, असं म्हणायला तोंड उघडलं होतं. पण ज्याच्या बोटाखाली आपण अर्धे मेलो होतो त्याच्या शेजारी मचाणावर बसून शेंगदाणे खात गप्पा मारल्या असत्या का? कोण जाणे. त्याला ती खात्री नव्हती, म्हणून तो कंजूष ठरला, वेडा ठरला, घाट्यांसाठी मित्राला शिव्या देणारा ठरला, आणि गप्प राहिला. त्याचा माझ्यावरचा हा एकच संशय. तो खरा होता की खोटा, हे मला आजही सांगता येत नाही.

घरी जायच्या ऐवजी मी तसाच वावराकडे वळलो. अंगात तोच स्वेटर होता, कोपरावर आता विरलेला. दिवस मावळत होता. तुरी उभ्या, हरभरा घाट्याला आलेला. नाल्यापाशी स्कूटर लावली आणि पाय आपोआप थांबले. मचाण रिकामं होतं. रायफल ठाण्यात, युसूफ कब्रस्तानात. आवाज द्यायचं आता काही कारणच नव्हतं. तरी मला पुढे जाववेना. 'मानूस हाय गा' म्हणून ओरडायला तोंड उघडलं, इतकी वर्षं घशात टोचलेले ते शब्द आज मला मनापासून म्हणायचे होते, तर आवाज फुटेना. नुसता खोकला आला. एकदा आला तो थांबेचना.

मी डोळे पुसत उभा होतो तेवढ्यात पलीकडच्या तुरीतून उत्तमरावांचा आवाज आला.

"गौतम व्हय का गा? वळखला खोकला. ये."